अकरा पट्टे

मंगळवार, ४ ऑक्टोबर

पेनाला चिंधी गुंडाळून झाली, वर रबर चढवलं, आता धरता येतंय. अक्षर मोठं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. चष्म्याचा नंबर वाढला आहे.

वहिनी, तुझी हिरवी छत्री दारामागे राहिली आहे. शेकायची रबरी पिशवी मात्र मला सापडत नाही. तू नेली असशील तर असू दे. नेली नसशील तर कुठे ठेवलीस तेवढं कळव. घाई नाही. हवा गार झाली की अशी वस्तू हाताशी असलेली बरी, म्हणून विचारते.

इकडे ठीक आहे. नाट्यगृहाचा पडदा आता व्यवस्थित लागला. परवा मास्तर स्वतः जाऊन दिवे लावून बघून आले. काही बोलले नाहीत, म्हणजे बरा दिसत असणार. कारखान्यात तुझ्या जागी अजून कोणाला घेतलेलं नाही. खुणा मास्तरच करतात. त्यांचे बाण एवढे मोठे असतात की मशीनवरची चष्मेवाली म्हणाली, कापडावर काढताय की रस्त्यावर. ती रोज तुझी चौकशी करते, तिच्या पद्धतीनं. काल जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, तुमच्या वहिनी होत्या तेव्हा त्या टेबलावर बोलणं तरी ऐकू यायचं, तुम्ही काय, कात्रीशीच बोलणार.

माझ्या सांध्यांच्या गोळ्या उतरत आहेत. मार्चमध्ये वीस मिलिग्रॅमवर होते, आता पाचवर आले. गाल बसले. तू फुगाबाई म्हणायचीस, ते आता म्हणता येणार नाही. डॉक्टरीणबाई खूश आहेत. वहीत सगळं लिहिते. मूठ वळायला पाच मिनिटं, कधी सात.

भावाकडे किती दिवस राहणार आहेस? त्यांच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसं. इथे तुझी खोली आहे तशी आहे. मी त्या गोष्टीचा विचार केव्हाच सोडून दिला. माणसाच्या हातून चूक होते. आज तुझ्या हातून झाली, उद्या माझ्या होईल. मास्तरांच्याही मनात काही नाही. तूही धरून बसू नकोस.

छत्री पाठवू का?

तुझी,
वन्सं


रविवार, ९ ऑक्टोबर

हे पत्र मी टाकेन असं वाटत नाही. तरी तारीख घातली.

मागच्या पत्रातला चष्म्याचा नंबर खोटा होता. पाच मिनिटंही खोटी होती. डॉक्टरीणबाई खूश होत्या हे खरं होतं, पण परवापासून तेही राहिलेलं नाही.

परवा त्यांनी आधी वही पाहिली, मग हात पाहिला. एकेक सांधा दाबला. मी खिडकीकडे बघत बसले. बाहेर एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता. चौथ्या बोटाला माझा पाय आपोआप उडाला आणि टेबलाला लागला. त्या थांबल्या. म्हणाल्या, "ही वही आणि हा हात एकाच बाईचे आहेत का?"

ती वही तू रोज पाहायचीस, उघडून कधी पाहिली नाहीस. काम सोपं होतं. जाग आली की घड्याळ बघायचं. मग मूठ वळायला लागायचं. बोटांची टोकं तळव्याला टेकली की पुन्हा घड्याळ बघायचं आणि मधली मिनिटं लिहायची. मार्चमध्ये नव्वद लिहिली होती. गोळ्या सुरू झाल्यावर आठवड्यात दहा. ती दहा खरी होती. त्या दिवसांत मी एका रविवारी चार कपाटं आवरली आणि प्रत्येक कप्पा झाला की तुला हाक मारून दाखवला. तू म्हणालीस, वन्सं, बसा हो जरा, कपाटांना दम लागला असेल.

मग उतरण सुरू झाली. साडेसतरा, पंधरा, साडेबारा, दहा. ऑगस्टमध्ये दहावर असताना मिनिटं वाढायला लागली. पंचवीस. चाळीस. त्याच आठवड्यात मास्तरांनी सांगितलं की नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आपल्याला मिळालंय, बत्तीस पट्टे, लाल मखमल, कात्री माझ्याकडे आणि खुणा तुझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीत पाच लिहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच. मध्ये एकदा सात, खरं वाटावं म्हणून.

वहीतली मिनिटं बघून डॉक्टरीणबाईंनी गोळी आधी साडेसात केली, मग पाच. मला बरंच वाटलं. पाकिटावरचा आकडा उतरला म्हणजे आजार उतरला, असं मी धरून चालले होते.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "दोन महिने मी तुमच्या पाच मिनिटांना औषध देत होते. तुम्हाला नव्हते देत."

मग त्यांनी पाकिटं मागितली आणि गोळ्या मोजल्या. हिशेब जुळेना. तेव्हा तेही सांगावं लागलं. पाच घ्यायची तिथे मी कधी दहा घेत होते, कधी पंधरा. ज्या दिवशी मास्तर टेबलाजवळ उभे राहतील असं वाटे त्या दिवशी पंधरा. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. या गोळीसारखं काहीतरी शरीर स्वतःच बनवत असतं. बाहेरून मिळायला लागलं की ते बनवायचं विसरतं. त्याला हळूहळू आठवण करून द्यावी लागते. एकदम बंद केली तर उठता उठता पडाल. मनाला येईल तशी वाढवलीत तर त्याला कधीच आठवणार नाही.

आता दहा. रोज दहा, सकाळी खाल्ल्यावर, ना वर ना खाली. मूठ सुधारली तरच पुढे महिन्याला एकेक कमी. सकाळी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात. मनगटाला आधार. आठवड्यातून एकदाची ती दुसरी गोळीही आहे, तिचा गुण यायला महिने लागतात. आणि कात्री दोन आठवडे बंद. मी विचारलं, लहान कात्री? त्या नुसत्या बघत राहिल्या.

मास्तरांना मी ताप आहे असं कळवलं. त्यांनी निरोप पाठवला, पूर्ण बरं वाटेपर्यंत येऊ नका, तुमच्यासारखा हात दुसरा नाही. तो निरोप मी घडी करून वहीत ठेवला होता. आज सकाळी काढला आणि फाडून टाकला.

जुन्या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतलं. घरी आणखी आहे का विचारलं. मी नाही म्हटलं. खणात एक आहे.

मागच्या पत्रात आणखी एक खोटं आहे. ते आज लिहिणं होणार नाही.


शुक्रवार, १४ ऑक्टोबर

दहावर आठवा दिवस. पाचावरून दहावर गेले म्हणजे दोन दिवसांत बोटं उतरतील अशी माझी कल्पना होती. पण शरीराला चोरून पंधराची सवय लागली होती, त्याच्या दृष्टीनं ही उतरणच झाली. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धीर धरा, रोज फोन करा, आणि गुडघा किंवा खांदा धरला तर लगेच या. अजून हातांवरच आहे.

तुला सांगायला हरकत नाही. नळ मनगटानं उघडते. ब्लाउजची दोन बटणं लावते, बाकीची पदराखाली तशीच. डब्याचं झाकण दाराच्या फटीत धरून फिरवते. पांघरुणाचं वजन बोटांवर नको म्हणून हात बाहेर ठेवते. कोमट पाण्यातली दहा मिनिटं सगळ्यांत बरी जातात. पाणी निवायला लागतं तसतसं मी पातेल्याकडे रागानं बघते. तुझी ती पिशवी मिळाली असती तर बरं झालं असतं. बाटलीत गरम पाणी भरून टॉवेलमध्ये गुंडाळते, पण ती घरंगळते. दुपारी मनगटाला आधार बांधून पडते आणि छताकडे बघत पट्टे मोजते. बत्तीस.

वहीत खरं लिहिते. पंच्याऐंशी, ऐंशी, पंच्याऐंशी. खरा आकडा लिहिताना हात थरथरतो असं म्हटलं, तर तू म्हणशील, वन्सं, तो खोट्यालाही थरथरत असेल, तेव्हा लक्ष नव्हतं तुमचं.

आज दुपारी चष्मेवाली आली. मी दार उघडलं, म्हणजे कोपरानं उघडलं. तिनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "हा कसला ताप?" म्हणाली. तिनं चपला काढल्या, आत जाऊन चहा टाकला, माझ्या कपाला रुमाल गुंडाळला आणि समोर बसली. मास्तरांनी तिला कामासाठी पाठवलं होतं.

तुझ्या गावातल्या शिवण-कारखान्यातून मास्तरांना पत्र आलंय. तुला खुणांच्या टेबलावर घ्यायचा त्यांचा विचार आहे. दोनच प्रश्न आहेत. हात भरवशाचा आहे का? आणि इथून का गेली? मास्तर म्हणतात, याचं उत्तर मी कसं देऊ, टेबल दोघींचं होतं, घर दोघींचं आहे, त्या काय सांगतील ते मी लिहीन. पुढच्या शुक्रवारी उत्तर टपालात पडायला हवं. नाहीतर ते दुसऱ्या कोणाला घेतील.

तू मला यातलं काहीच कळवलं नाहीस. का कळवावंस?

चष्मेवाली म्हणाली, "दोन शब्द चांगले सांगा हो. अकरा पट्टे बिघडले म्हणून काय एकवीस सरळ गेलेले कोणी बघायचेच नाहीत?" मी हो म्हटलं. सांगेन म्हटलं. ती कप विसळायला उठली आणि पाठमोरी असतानाच सहज म्हणाली की पट्टे उसवताना वहिनी प्रत्येक पट्ट्याची पाठ उजेडात धरायच्या. अकराच्या अकरा. तिनं विचारलं, काय शोधताय? तर म्हणाल्या, माझा खडू.

कप ठेवून ती गेली.

मास्तरांना काय सांगायचं ते संध्याकाळपर्यंत मी तयार केलं. ते असं: हात चांगला आहे, बारा वर्षांत एकदाच चुकला, घरगुती कारणानं गेली. वाक्य वाईट नव्हतं. तुला काम मिळालंही असतं. मी ते दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

"एकदाच चुकला." हे तिसऱ्यांदा म्हणता येईना.


मंगळवार, १८ ऑक्टोबर

तुझं कार्ड आलं.

"पिशवी उशांच्या गाठोड्यात आहे, तुम्हीच ठेवली होती. छत्री राहू दे. वन्सं, हाताचं मास्तरांना सांगितलंत का?"

बाकी काही नाही. स्वतःच्या कामाबद्दल अक्षर नाही. मी पाठवलेल्या पत्रातल्या एकाही वाक्याला उत्तर नाही. चष्म्याच्या नंबरालाही नाही.

पिशवी गाठोड्यातच होती.


गुरुवार, २० ऑक्टोबर

कोमट पाण्यातून हात काढून पुसला, आधार बांधला, आणि सलग लिहायला बसले आहे. मध्ये थांबले तर पुन्हा बसणार नाही.

तुझा नवरा गेला तेव्हा तू तीन महिने त्या खोलीतून बाहेर आली नाहीस. माझा भाऊ होता, पण मला कारखाना होता. चौथ्या महिन्यात मी तुला हाताला धरून नेलं आणि टेबलावर मखमल पसरून म्हटलं, डोळे मिट. तुझा तळवा धरून एकदा वर नेला, एकदा खाली. लव ज्या बाजूला झोपते त्या बाजूला हात घसरतो, उलट नेला की अडतो. तू डोळे मिटूनच म्हणालीस, मांजरासारखं. मास्तर हसले. आठवड्यात तुझा हात माझ्यापेक्षा हुशार झाला. मी हे कधी तुला सांगितलं नाही.

नियमही मीच शिकवला. खूण करणारीनं लव तपासून पट्ट्याच्या पाठीवर बाण काढायचा. कापणारीनं स्वतः हात फिरवून त्याखाली बरोबरची खूण करायची. एकीच्या डोळ्यानं दुसरीनं चालायचं नाही. दोघींचे हात वेगळं सांगायला लागले तर मास्तरांना बोलवायचं आणि तिसरा हात फिरवायचा. पडद्याला लव खाली. धूळ झटकली की खाली घसरते, आणि सगळे पट्टे एका रंगाचे दिसतात. एखादा उलटा लागला तर दिवसा कळत नाही. दिवे लागले की तो ओल्या कापडासारखा काळपट दिसतो.

मखमलीचे तीन तागे होते. पहिले दोन, एकवीस पट्टे, सरळ गेले. त्या दोन दिवशी मी पंधरा घेतली होती. तिसऱ्या दिवशी पाकीट घरी राहिलं. त्या सकाळी मूठ वळलीच नव्हती. वहीत सहा लिहिलं होतं.

तू तिसऱ्या ताग्याचे अकरा बाण काढलेस आणि जेवायला गेलीस. मी म्हटलं, तू हो पुढे, मी खुणा करून येते. मी पहिल्या पट्ट्यावर हात ठेवला. बोटं सुजून ताणली होती, तळवा जाड झाला होता. खाली नेला. वर नेला. दोन्हीकडे सारखंच. पुन्हा नेला. हाताच्या पाठीनं पाहिलं, मनगटानं पाहिलं. मला काहीच कळलं नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिथे मास्तरांना हाक मारायची होती. ते दहा पावलांवर बसून डबा उघडत होते. हाक मारली असती तर ते म्हणाले असते, फिरवा बघू हात माझ्यासमोर.

म्हणून मी हाताऐवजी डोकं चालवलं. पहिल्या दोन ताग्यांत कापड ज्या बाजूनं उलगडलं त्या बाजूला लव होती. तुझे तिसऱ्या ताग्यावरचे बाण त्याच्या उलट होते. मी ठरवलं, तू घाईत चुकलीस. तिसरा तागा गिरणीतूनच उलटा गुंडाळलेला आला असेल हे माझ्या मनात आलं नाही. तुझ्या हाताला ते कळलं होतं. मी ओला बोळा घेतला आणि तुझे अकरा बाण पुसले. माझे अकरा काढले. त्यांच्याखाली बरोबरची खूण केली.

तू परत आलीस की सांगायचं असं खरंच ठरवलं होतं. तू चष्मेवालीची कसलीतरी नक्कल करत आलीस, हसत होतीस. मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, थांबा वन्सं, मी पुन्हा बघते. आणि हात फिरवला असतास. मी पट्ट्यांची चळत उचलून मशीनकडे दिली. उचलताना दोन्ही कोपरांत धरली. तू ते पाहिलंस.

चूक इथपर्यंत होती. इथपर्यंतची मी कोणालाही सांगू शकले असते. पुढचं मात्र चूक नव्हे.

नाट्यगृहात आपण चौघं खाली उभे होतो. दिवेवाल्यानं वरून विचारलं, लावू का? पडद्याचा डावीकडचा तिसरा हिस्सा काळा पडला. दिवेवाला वरून म्हणाला, अर्धा धुतलाय का? मास्तर पुढे गेले, एका पट्ट्याचं खालचं टोक उलटलं, चष्मा कपाळावर घेतला.

"बाण कोणाचा?"

तू गेलीस, वाकून पाहिलंस. बोट ओलं करून त्या बाणाशेजारी घासलंस. तू बाण टोकाकडून काढतेस, आधी दोन काड्या मग शेपूट, म्हणून शेपटाशी खडू जाड उरतो. मी शेपटाकडून काढते. हे मास्तरांना माहीत नाही, आपल्या दोघींनाच माहीत आहे. खाली तुझा पुसलेला बाण फिकट दिसत असणार. मखमलीच्या पाठीवरून खडू पूर्ण जात नाही. हेही मीच तुला शिकवलं होतं.

तू उठलीस आणि म्हणालीस, "खुणा माझ्याच असतात."

हा बाण माझा, असं तू म्हणाली नाहीस. मी ते ऐकलं. मास्तरांनी ऐकलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "आणि खाली बरोबर केलंय ते?"

तू माझ्या तोंडाकडे बघत नव्हतीस. माझ्या हाताकडे बघत होतीस. मी हात एप्रनच्या खिशात घातले आणि म्हटलं, "तिच्या बाणावर विश्वास ठेवला, मास्तर. घरचं माणूस म्हणून हात फिरवला नाही."

हे ते वाक्य. पाच आठवडे मी ते रोज ऐकते. पहिल्या पत्रात तुला "तुझ्या हातून चूक झाली" असं लिहिलं तेव्हाही ऐकत होते. त्यात मी स्वतःला भोळी ठरवलं, तुला निष्काळजी ठरवलं, आणि वर घरपणही तुझ्या अंगावर टाकलं.

तू तेव्हाच बोलू शकली असतीस. बाण पुसलेला दाखवायला एक क्षण पुरला असता. तू चार दिवस उसवत बसलीस, अकरा पट्टे, प्रत्येकाची उंची दोन माणसांहून जास्त, आणि प्रत्येकाच्या पाठीवर तुझ्या बाणावर बसलेला माझा बाण. मला वाटायचं तुला कळलं नाही. म्हणजे, तसं वाटावं अशी मी व्यवस्था केली होती. पाचव्या दिवशी तू म्हणालीस, थोडे दिवस भावाकडे जाऊन येते. मी म्हटलं, जा, हवापालट होईल. एवढंच म्हटलं.

जाताना दारात तू थांबलीस. मला वाटलं छत्रीसाठी. आता कळतंय की तेव्हाही तू हेच विचारणार होतीस, जे कार्डावर विचारलंस. तू वाट बघत होतीस. मी सांगेन म्हणून गप्प होतीस, आणि मला तुझं गप्प बसणं सोयीचं होतं.

उद्या शुक्रवार. मास्तरांना उत्तर द्यायचं आहे.

खणातलं पाकीट मी दुपारी काढून टेबलावर ठेवलं आहे. बारा गोळ्या आहेत. आता दोन आणि उद्या सकाळी दोन घेतल्या तर नऊपर्यंत बोटं उतरतील. मूठ वळेल. मग मी मास्तरांसमोर नीट उभी राहीन, कपही धरीन, आणि सगळं खरं सांगीन. ते म्हणतील, वाईट दिवस येतात, आता हात बरा दिसतोय की. तुझं पत्र जाईल, कात्री माझ्याकडे राहील. खरं सांगूनही काही जाणार नाही. हे मी सकाळपासून इतक्या नीट आखलंय की माझी मलाच शिसारी आली.

पहिलं पत्र तुझ्याकडे आहे. बाकीची आणि हे एकाच पाकिटात घालते. पाकीट उद्या, तिथून आल्यावर बंद करीन. काही लपवलं असेल तर तुला दिसेलच. तुझी नजर पाठीवरचा खडू वाचणारी आहे.

परत ये असं लिहीत नाही. तेवढा हक्क मी ठेवलेला नाही.

वन्सं


शुक्रवार, २१ ऑक्टोबर

साडेसहाला जाग आली. मूठ एक तास दहा मिनिटांनी वळली. वहीत एक तास दहा लिहिलं. खाऊन दहाची गोळी घेतली. खणातलं पाकीट डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात देऊन पुढे कारखान्यात गेले.

मास्तरांना आधी हात दाखवले, मग बाणांचं सांगितलं. चष्मेवालीनं मशीन थांबवली. मास्तरांनी तिसऱ्या ताग्याचा उरलेला तुकडा टेबलावर पसरला. मी डोळे मिटून हात फिरवला, दोनदा. कळत नाही, असं सांगितलं. त्यांनी तुकड्याची घडी घातली. मग म्हणाले, "वहिनींचं पत्र मी लिहितो. तुम्ही सांगा, एकही शब्द गाळू नका." मी सांगितलं, त्यांनी लिहिलं, खाली मी सही केली. सही वाकडी आली.

ते पत्र अकराच्या टपालानं गेलं. कात्री मी खुंटीला लावली, डाव्या हातानं.